वॉर्डाच्या नावाचा रोट

नगरसेवक निवडून आला की त्याच्या वाट्याला पहिलं काम विकासाचं येत नाही, मयताचं येतं. माझ्या अंगावरचा गुलाल धुऊन निघाला नव्हता, तोच निरोप आला की मागच्या गल्लीतले आजोबा गेले. शववाहिनी, लाकडं, स्मशानातली झाडलोट, पाण्याचा टँकर, हे सगळं नगरसेवकाने बघायचं असतं. ते मी चोख केलं. दुसऱ्या दिवशी दारावर गेलो. दारावर जाणं म्हणजे दुःखाच्या घरी जायचं, ओट्यावर गुपचूप बसायचं आणि उठायचं. लग्नाला न आलेला माणूस आमच्याकडे लोक विसरतात, दारावर न आलेला विसरत नाहीत. मी बसलो, आणि निघताना मोठ्या अदबीने हात जोडून म्हणालो, "येतो. परत येतो."

ओट्यावरचे सगळे माझ्याकडे बघायला लागले. दुःखाच्या घरातून निघताना 'येतो' म्हणत नाहीत, मुकाट उठून चालू लागतात, हे मला कोणी सांगितलं नव्हतं. एक म्हातारा शेजारच्याला म्हणाला, "जाऊ दे भो, बाहेरना माणूस शे." त्याने मला माफ केलं होतं, पण त्या शब्दांनी पुढे माझा बराच पिच्छा पुरवला.

मी खरंच बाहेरचा. माझं गाव तामिळनाडूत, नामक्कलच्या बाजूला. आमच्या भागात घरटी एक माणूस बोअरच्या गाडीवर असतो. देशात कुठेही जमिनीला भोक पडत असलं की तिथे आमच्यापैकी कोणीतरी धुळीने पांढरा होऊन उभा असतो. मीही तसाच आलो. आधी नरडाण्याच्या एका कारखान्याचं बोअर, मग फैजपूरकडच्या केळीच्या बागा, मग पिंपळनेरकडचा खडक. मधेच एका गावात गाडी बिघडली. दक्षिणेतून सुटा भाग येईपर्यंत पावसाळा लागला, आणि चिखलात आमची गाडी शेतात शिरत नाही. रिकामा होतो म्हणून लोकांचे हातपंप दुरुस्त करून दिले. पुढे सुटा भाग आला, गाडी गेली, मी राहिलो. काही वर्षांनी स्वतःची बोअरची गाडी घेतली आणि गावाकडून दोन चुलतभावांना बोलावून घेतलं. गावाचं नाव लिहीत नाही. धुळे आणि जळगावच्या मधलं नगरपालिकेचं गाव, एवढं पुरे. ज्यांना ओळखायचं ते मला 'बोरवाला अण्णा' या नावावरूनच ओळखतील.

मराठी मी गल्लीत शिकलो, म्हणजे खरं तर अहिराणी शिकलो आणि तीच मराठी असं बरीच वर्षं समजत होतो. पहिल्या सर्वसाधारण सभेत मी ठणकावून विचारलं, "मना वार्डनं पानी काबर बंद शे?" मुख्याधिकारी कोल्हापूरकडचे, नवे आलेले. त्यांनी शेजारच्या कारकुनाला हळूच विचारलं, "हे तामिळमध्ये बोलतायत का?" सभागृह हसलं, मीही हसलो, आणि पाणी दुसऱ्या दिवशी आलं. तेव्हापासून अडचणीच्या प्रश्नाला मी मुद्दाम अहिराणीच वापरायचो.

मी निवडून कसा आलो, तर दोघांच्या भांडणात तिसऱ्याचा लाभ. धुडकू आबा हे आमच्या वॉर्डाचे जुने नगरसेवक. त्या वर्षी त्यांच्या चुलतभावानेच बंड केलं. भाऊबंदकीत मतं फाटली आणि हातपंपवाला मधून निघून गेला. माझ्या बायकोने, सेल्वीने, फॉर्म भरायला परवानगी दिली होती ती एका अटीवर. एक टर्म, मग गावी. तिच्या माहेरच्या गावातच आमची थोडी जमीन आहे. तिथे घराचं जोतं बांधून ठेवलेलं होतं. ओसरी कुठे, गोठा कुठे, गोठ्याच्या दाराला सावली कुठल्या झाडाची, हे सगळं तिने ठरवून ठेवलं होतं. इथल्या पत्र्याच्या घरात ती नवा पडदासुद्धा लावत नसे. म्हणायची, जायचंच आहे ना. मी तिला शब्द दिला, आणि देताना मनापासून दिला.

आता या कामाविषयी. नगरसेवकाला कायद्याने काय अधिकार आहेत ते पुस्तकात असतं. प्रत्यक्षात त्याला एकच अधिकार असतो, लोक कधीही त्याचं दार वाजवू शकतात. एका भाऊंनी सकाळी येऊन सांगितलं की परवा मुलीला बघायला पाहुणे येणार आहेत, तर तेवढे दोन दिवस गटारीचा वास बंद करा. मी म्हटलं, भाऊ, वासाला व्हॉल्व्ह नसतो. ते म्हणाले, "मंग तुले निवडी काबर दिधा?" मग तुला निवडून कशाला दिलं, हा प्रश्न रास्त होता. मी मुकादमाला घेऊन गटार उपसली, पावडर मारली, शिवाय पाहुण्यांच्या जीपला लांबच्या रस्त्याने आणायला माणूस उभा केला. सोयरीक जुळली. लग्नात माझा सत्कार झाला आणि मुलीच्या सासऱ्याने माईकवर सांगितलं की गाव फार स्वच्छ आहे. आणखी एक आजी होत्या. खांबावरचा दिवा काढा म्हणायच्या, कारण उजेडामुळे त्यांच्या म्हशीला झोप लागत नव्हती. दिवा काढता आला नाही, तेव्हा आम्ही म्हशीच्या बाजूने पत्रा लावला.

पण सगळ्यात मोठं काम पाण्याचं. आमच्याकडे नळाला पाणी रोज येत नाही. वॉर्डावॉर्डाचे वार लावलेले असतात. व्हॉल्व्हमन लोखंडी चावी घेऊन सायकलवर फिरतो आणि एकाचं बंद करून दुसऱ्याचं सोडतो. वार चुकला की पुढचा येईपर्यंत वॉर्ड कोरडा. आणि वर्षात एक दिवस असा असतो की त्या दिवशी वार चुकला तर नगरसेवकाने गाव सोडलेलं बरं. तो म्हणजे कानबाईच्या आदला शनिवार.

खानदेशाबाहेरच्या वाचकांसाठी सांगतो. श्रावणात नागपंचमीनंतरच्या रविवारी आमच्याकडे घरोघरी कानबाई बसते. नारळाला देवीचं रूप देऊन, नथ-दागिने घालून चौरंगावर मांडतात, रात्रभर गाणी होतात आणि सोमवारी वाजतगाजत नदीवर नेतात. शनिवारी घर वरपासून खालपर्यंत धुतात. भांडं, कपडा, भिंत, काही सोडत नाहीत. सुरतला मिलमध्ये असलेला, नाशिकला रिक्षा चालवणारा, मुंबईत नोकरी करणारा, जो तो या दिवशी गावी येतो. दिवाळीला न येणारा कानबाईला येतो. त्यामुळे घरात माणसं दुप्पट, धुणं चौपट आणि पाणी तेवढंच.

पहिल्याच वर्षी त्या शनिवारी आमचा वार नव्हता. मी माझ्या ओळखीच्या बोअरवाल्यांकडून टँकर भरून आणले आणि गल्लीगल्लीत उभे केले. द्वारकाअक्का म्हणजे आमच्या गल्लीतलं शेवटचं न्यायालय. त्यांच्या घरची कानबाई वॉर्डात सगळ्यात जुनी. त्या स्वतः टँकरपाशी येऊन म्हणाल्या, "अण्णा, तू बाहेरना शे, पन तुले पानीनं समजस." पुढची दोन-तीन वर्षं मी त्या वाक्यावर काढली. त्यातलं पहिलं निम्मं वाक्य मात्र मला रुतत राहिलं.

टर्मच्या शेवटच्या वर्षी निवडणूक तोंडावर होती. आबा चौकात बसून सांगत की अण्णा बाहेरचा आहे, आज आहे उद्या नाही. ते खरंच होतं, कारण सेल्वीने तिकडे घराच्या भिंती उभ्या करून घेतल्या होत्या. पण माणसाला खुर्चीची गोडी लागते. मला वाटायला लागलं की एकदा तरी या लोकांनी मला आपला म्हणून निवडून द्यावं, मग खुशाल जाऊ. मग मी ते केलं, ज्याला मराठीत हात दाखवून अवलक्षण म्हणतात. सार्वजनिक कानबाई बसवायचं ठरवलं.

माझा हिशेब सरळ होता. गणपती सार्वजनिक असतो, देवी असते, मग कानबाई का नसावी? समाजमंदिर धुऊन घेतलं, चौरंग मांडला, मंडप घातला. आणि कानबाईचा मुख्य नैवेद्य जो रोट, तो सगळ्या वॉर्डाला जेवू घालायचा ठरवला. गहू आणि हरभऱ्याची डाळ पोत्याने गिरणीवर नेली. गिरणीवाल्याने पोतं उतरवून घेतलं आणि विचारलं, "अण्णा, कोना नावना दळू?"

मी छाती काढून सांगितलं, "बठ्ठा वार्डना नावना," म्हणजे सगळ्या वॉर्डाच्या नावाने.

त्याने पट्टा चढवला आणि दळलं. त्या वेळी त्याच्या चेहऱ्याकडे नीट बघायला हवं होतं.

रविवारी संध्याकाळी समाजमंदिरात बायका आल्या, डफ वाजला, गाणी झाली, फुगड्या झाल्या. कानबाईपुढे सगळ्यांनी डोकं टेकवलं. मग मी पंगतीला बोलावलं. त्या पिठाच्या पुऱ्या, पोळ्या, खीर, सोबत गंगाफळाची म्हणजे लाल भोपळ्याची भाजी, सगळं तयार. पहिली पंगत मांडली आणि एकही माणूस पाटावर बसला नाही. कोणी म्हणालं पोट बरं नाही, कोणी म्हणालं घरी पाहुणे आहेत. आबा मंडपाच्या खांबाला टेकून उभे होते. ते हसलेसुद्धा नाहीत, म्हणजे प्रकरण गंभीर होतं.

द्वारकाअक्कांनी मला बाजूला घेतलं. "अण्णा, रोट घरना माणसं खातस. बाहेरनाले देता येत नही. घरमा जितला पुरुष, त्यास्ना नावना सव्वा सव्वा माप दळतस, आनि ज्याना नावना दळेल शे त्यानीच खावाना."

"अक्का, मी वॉर्डाच्या नावाने दळलंय."

"वार्ड काय तुना भाऊबंद शे?"

 पाच वर्षं मी भाषणात 'माझ्या बंधूंनो' म्हणत आलो होतो.

"मंग आते काय करू?" मी विचारलं.

"करशी काय? तू दळं, तुना झाया. तू खाय, तुनी बायको खाई, पोरं खातीन. फेकता येत नही, ढोरले घालता येत नही. राखीनी पुनीव येवाना आंगे सरना पायजे." म्हणजे राखी पौर्णिमेच्या आत संपवायचा. जाता जाता त्या म्हणाल्या, "आनि आते कानबाई तुना घरनी. एकदाव मांडी की मोडता येत नही."

मग आम्ही खायला बसलो. मी, सेल्वी, दोन मुलगे आणि माझ्या बोअरच्या गाडीवरचे दोन चुलतभाऊ. चुलतभाऊ चालतील का, हे अक्कांना विचारून घेतलं. एका कुळाचे आहेत म्हटल्यावर चालले. पीठ पोत्याने आणि माणसं सहा. सकाळी पुऱ्या, दुपारी पोळ्या, संध्याकाळी खीर. सेल्वी रस्सम करायची आणि आम्ही पोळी त्यात बुडवून गिळायचो. कांदा-लसूण बंद. थोरला मुलगा तिसऱ्या दिवशी इडली मागून रडला. रस्त्याने जाताना लोक विचारायचे, "अण्णा, कितला राह्यना?" मुख्याधिकारीसुद्धा विचारायला लागले. पौर्णिमेच्या सकाळी सेल्वीने शेवटची पुरी सहा जणांत मोडून दिली, परात धुतली, ते पाणी अक्कांनी सांगितलं तसं अंगणात खड्डा करून त्यात ओतलं आणि वर माती लोटली. मग ती मला म्हणाली, "चला, एक संपलं. आता निवडणूक संपली की निघू."

निवडणूक लवकरच संपली. आबांना वेगळा प्रचार करावाच लागला नाही. ज्याला रोट कळत नाही त्याला वॉर्ड काय कळणार, एवढं एकच वाक्य त्यांनी घरोघर फिरवलं. मी पडलो, चांगलाच पडलो. ज्या लोकांसाठी टँकर आणले त्यांनीच पाडलं, याचं मला फार वाईट वाटलं. ते लपवत नाही. दोन दिवस मी घराबाहेर निघालो नाही. सेल्वीने मात्र तिसऱ्या दिवसापासून भांडी बांधायला घेतली. तिचा राग येत होता आणि रागावायला मला तोंड नव्हतं, कारण शब्द मीच दिला होता. धंदा चुलतभावांवर सोपवला आणि आम्ही निघालो.

निघायच्या दिवशी अक्का आल्या. वाटलं, रडतील. त्या म्हणाल्या, "जाय. आमना पोरं सुरत जातस, तू मद्रास जाय. श्रावणमा येजो. तुनी कानबाई आठे शे."

तुझी कानबाई इथे आहे, हे मी हसण्यावारी नेलं. पण सेल्वी देवाच्या बाबतीत भित्री आहे. मांडलेली देवी मोडायला ती तयार होईना. पहिल्या श्रावणात आम्ही मुलांना घेऊन दोन गाड्या बदलून इथे आलो, चुलतभावांच्या खोलीत चौरंग मांडला आणि या वेळी घरच्या पाच पुरुषांच्या नावाने बेताचं दळून आणलं. दुसऱ्या वर्षीही आलो. तिसऱ्या वर्षी सोमवारी नदीवर कानबाई बोळवायला गेलो, तर काठावर धुडकू आबा भेटले. मी नजर चुकवणार तेवढ्यात त्यांनीच हाक मारली.

"अण्णा, कव्हय उना? कितला दिन शे?"

कधी आलास, किती दिवस आहेस. एवढंच. आबा पुढे गेले, मी तिथेच उभा राहिलो. इतकी वर्षं या गावात मला लोकांनी विचारलं ते 'कुठला?' आणि 'इकडे कसा?' हे दोनच प्रश्न. 'कधी आलास, किती दिवस आहेस' हे सुरतहून आलेल्या पोरांना विचारतात. बाहेरच्याला ते कोणी विचारत नाही, कारण बाहेरचा येतो आणि जातो, त्याचं काय मोजायचं. त्या दिवशी नदीवरून घरी येईपर्यंत आणखी चौघांनी तेच विचारलं. मी प्रत्येकाला थांबून सविस्तर उत्तर दिलं.

पुढच्या निवडणुकीला गल्लीतली माणसं आमच्या गावी फोन करायला लागली. आबा थकले होते, त्यांच्या काळात पाण्याचे वार पार विस्कटले होते. मतदार यादीत माझं नाव होतंच. मी सेल्वीला विचारलं. तिचं घर तोवर पुरं झालं होतं, गोठ्यात दोन गाई होत्या, शेजारी तिची सख्खी बहीण राहत होती. तिने आधी गाईंना चारा घातला. मग म्हणाली, "तुम्ही विचारताय, पण उत्तर तुमच्या तोंडावर लिहिलंय. चला." अट तिने एकच घातली. पोंगलला दरवर्षी गावी, सभा असो की नसो.

त्या वेळी मी निवडून आलो आणि त्यानंतर आणखी एकदा. कामं झाली ती वॉर्डाला माहीत आहेत. जलकुंभ झाला, त्याच्या फलकावर माझं नाव आहे, थोडं चुकीचं लिहिलेलं. 'बाहेरना' हा शब्द परत कोणी काढला नाही. या सगळ्याचा मला अभिमान आहे. कोणी विचारलं नाही तरी मी तो सांगतो.

दुसऱ्यांदा निवडून आल्यानंतरच्या पहिल्या पोंगलला आम्ही गावी गेलो. गाई बहिणीने सांभाळल्या होत्या. सेल्वी अंगणात रांगोळी घालत होती. फाटकाशी एक शेजारीण थांबली. ती सेल्वीच्या लहानपणापासूनची मैत्रीण. तिने तामिळमध्ये विचारलं, "अगं, कधी आलीस? किती दिवस आहेस?"

मी ओसरीवर कॉफी पीत होतो. मला गंमत वाटली. शेजारीण गेल्यावर मी सेल्वीला म्हणालो, "बघ, आबांनी मला नदीवर विचारलं होतं ना, अगदी तेच तुला विचारलं."

सेल्वीने मान वर केली नाही. हातातली रांगोळीची रेघ पुरी करत ती म्हणाली, "हो. मी जन्मले त्या गावात आज मला पहिल्यांदा कोणी विचारलं."